आमच्या घराण्याचं खोगीर

आमच्याकडे घोडा नाही. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तो असायचं कारणही नाही. पण खोगीर आहे. ते दिवाणखान्यात ट्रेडमिलवर चढवून ठेवलेलं आहे. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक माणूस, अगदी गॅसचा सिलिंडर आणणारासुद्धा, आधी खोगिराकडे बघतो, मग माझ्याकडे आणि मग आतल्या खोलीच्या दाराकडे. "नाहीये," असं मी त्यानं विचारायच्या आतच सांगून टाकतो. ट्रेडमिलबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. निवृत्तीनंतर मुलानं मोठ्या आशेनं घेऊन दिलेल्या त्या यंत्रावर एवढं वजन चढायची ही पहिलीच वेळ.

बाग अंबरपेठेतलं आमचं बैठं घर बिल्डरला दिलं, तेव्हा माळा रिकामा करताना हे प्रकरण खाली आलं. घंगाळ, तीन पायांचा पाळणा, किल्ल्या हरवलेल्या कुलपांचा डबा आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्यांचा दुसरा डबा, एवढं उतरवून झाल्यावर हमाल वरून ओरडला, "साब, इधर कोई जानवर सोया है!" जनावर नव्हतं, गोधडीत गुंडाळलेलं खोगीर होतं. वजन पंधरा-वीस किलोच्या घरात. पुढच्या बाजूला मुठीत मावणार नाही असा जाडजूड खुंटा, मागे खुर्चीसारखी उंच पाठ, दोन्ही अंगांना कातड्याच्या भल्या रुंद झडपा, त्यांच्या टोकाला लाकडी रिकिबी, आणि सगळ्या कातड्यावर ठोकून काढलेली फुलं-पानं.

"अरे, ते ह्यांनी जुम्मेरात बाजारातून आणलं होतं," काकू म्हणाली. "गुरुवारी. त्याच्यावर ग्रामोफोनचा कर्णा फुकट मिळाला होता."

काकूचं म्हणणं कुणीही ऐकलं नाही. काकूचं वय झालंय आणि ती हळू बोलते. आत्याचंही वय झालंय, पण ती मोठ्यानं बोलते, आणि आमच्या घराण्याचा इतिहास आवाजाच्या पट्टीवर ठरतो. आत्यानं खोगिरावरची धूळ पदरानं पुसली, ती कपाळाला लावली आणि जाहीर केलं, "खर्ड्याचं खोगीर!"

खर्ड्याची लढाई १७९५ सालची. तीत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, हे शाळेत शिकलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण हैदराबादेतल्या मराठी घरांना या लढाईची जराशी अडचण होते. म्हणून आत्याकडे हकिगतीच्या दोन आवृत्त्या आहेत. पुण्याचे पाहुणे आले की आमचे खापरपणजोबा मराठ्यांच्या बाजूनं लढतात. इथली, जुन्या शहरातली ओळखीची मंडळी आली की तेच खापरपणजोबा निजामाच्या फौजेत असतात. दोन्ही आवृत्त्यांत ते शिलेदार असतात, बारगीर नव्हे, हे आत्या ठासून सांगते. बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळायची, शिलेदाराची स्वतःची असायची. आत्याच्या लेखी बारगीर म्हणजे भाड्याच्या घरात राहणारे लोक.

वस्तुस्थिती अशी की आमचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात परभणीकडे गिरदावर होते. गावोगाव फिरून पीकपाणी बघायचं, जमाबंदीचे कागद तपासायचे, हे त्यांचं काम. त्यांचा एक फोटो घरात आहे. त्यात ते एका तट्टाशेजारी उघडी छत्री धरून उभे आहेत आणि तट्टाच्या पाठीवर दुमडलेली घोंगडी आहे. घोडदळाशी आमच्या घराण्याचा सिद्ध होऊ शकेल असा संबंध तेवढाच. आत्याला फोटो दाखवला, तर ती म्हणाली, "खोगीर धुवायला दिलं असेल."

"पण आत्या, पुढचा हा खुंटा कशाला?"

"पगडी काढून ठेवायला."

या उत्तरानं घरातल्या सगळ्यांचं समाधान झालं असतं. पण दुसऱ्या मजल्यावरचे तेलुगू गृहस्थ वर्गणी मागायला म्हणून वर आले आणि खोगीर बघून दारातच थबकले. चपला काढल्या. मग दोन्ही हात खुंट्याला लावून डोळ्यांना टेकवले. "एमंडी," त्यांचा आवाज भरून आला, "इदि मन कृष्णा गारिदि!"

मला आधी वाटलं, देवाचं काही असेल. तसंच होतं म्हणा. १९७१ साली के. एस. आर. दास यांनी 'मोसगाल्लकु मोसगाडु' नावाचा तेलुगू चित्रपट काढला. भारतातला पहिला काउबॉय चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतात. नायक कृष्णा. डोक्यावर टोपी, कमरेला पिस्तूल, राजस्थानच्या वाळवंटात घोडा फेकत आंध्रची जनता वेडी करून सोडणारा. पुढे २००२ साली त्याच्या मुलानं, महेशबाबूनं, 'टक्करी दोंगा'त वडिलांची टोपी घातली. दरम्यान १९९० साली चिरंजीवीनंही तो नाद पुरा करून घेतला होता. तेव्हा अमेरिकी थाटाचं खोगीर अंबरपेठेत कसं आलं, हे कोडं दुसऱ्या मजल्याला पडलंच नाही. त्यांच्या मते ते शूटिंग संपल्यावर आलं, आणि आम्ही इतकी वर्षं ते माळ्यावर टाकून पाप केलं.

खुंट्याचं कोडंही त्यांनीच सोडवलं. काउबॉय म्हणजे शेवटी गुराखीच. धावत्या घोड्यावरून तो पळत्या गुराच्या गळ्यात दोरीचा फास टाकतो आणि दोरीचं दुसरं टोक या खुंट्याला गुंडाळतो. मग गुरानं कितीही ओढ घेतली तरी ती खोगिरावर जाते, गड्याच्या हातावर नाही. इतकं वजनही त्यासाठीच. हे त्यांनी आमच्या पडद्याची दोरी आणि माझी मान वापरून समजावून दिलं. त्यानंतर संध्याकाळी त्यांच्याकडचे पाहुणे आमच्याकडे दर्शनाला येऊ लागले. आमचा चहाचा खर्च वाढला.

आत्याला हे अर्थातच पटलं नाही. "नटाचं खोगीर आपल्या घरात?" म्हणून तिनं शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त कर्नलसाहेबांना बोलावणं धाडलं. आल्या आल्या त्यांनी खोगीर उलटं केलं. तिथवर हे कुणालाच सुचलं नव्हतं. इंग्रजी फौजेच्या खोगिराला पुढे-मागे पोलादी कमानी असतात, बाजूला लाकडी फळ्या असतात, खाली नमद्याची गादी असते आणि कुठेतरी सरकारी बाणाचा शिक्का असतोच, असं ते पोटावर झोपून टॉर्चच्या उजेडात सांगत होते. अमेरिकी फौजेचं म्हणावं, तर त्यांनी १८५९ साली जे खोगीर घेतलं त्याला मधोमध फट होती आणि खुंटा नव्हता.

"म्हणजे हे डेक्कन हॉर्स रिसाल्याचं नाही?" आत्यानं शेवटची आशा धरून विचारलं.

"डेक्कन हॉर्स आता रणगाडे चालवते, ताई," कर्नलसाहेब उठून गुडघे झटकत म्हणाले. "आणि असा खुंटा पुढे ठेवून सरपट निघालं, तर शत्रूची गरजच नाही. पोटाचं काम आपोआप होतं."

मग डॅलसचा भाचा आला, म्हणजे फोनवर आला. अंबरपेठेतल्या प्रत्येक घराचा एकेक माणूस डॅलसला असतो, तसा आमचाही आहे. तो टेक्सासात राहत असल्यानं त्याला खोगिरातलं कळणार, असं सर्वानुमते ठरलं. त्यानं तिथे घोडा अजून जवळून पाहिलेला नाही, पण त्यानं अभ्यास केला. मुलगा हुशार आहे.

"मामा, शिक्का शोधा. सगळं शिक्क्यावर आहे. बैठकीच्या पुढच्या टोकाला, पाठीच्या मागे, नाहीतर रिकिबीच्या झडपेवर. ओरेगनचं हॅम्ले, डेन्व्हरचं हायझर, फिनिक्सचं पोर्टर, असलं काही नाव निघालं तर हजारो डॉलर!"

आत्यानं डॉलरला रुपयांनी गुणायला घेतलं.

"आणि एक बघा. त्यावर 'इंडिया' असा शिक्का नाही ना? इथले शौकीन लोक जुनं खोगीर घेताना आधी तेच बघतात. तसं असलं तर किंमत नाही."

"भारतात असलेल्या वस्तूवर भारत कशाला लिहितील?" आत्या म्हणाली. "माझ्या कपाळावर लिहिलंय?"

शिक्का दिसायचा तर आधी कातडं दिसायला हवं होतं, आणि त्यावर माळ्यावरच्या धुळीचे थर होते. इथे खोगिराची निगा सुरू झाली.

निगेच्या बाबतीत आमच्या घरात एकमत होऊ शकत नाही, कारण प्रत्येकाकडे आपापलं तेल आहे. आत्या एरंडेलाची. कोल्हापुरी वहाणांना एरंडेल, लहान पोरांना एरंडेल, खोगिराला एरंडेल. तिनं सबंध बाटली ओतली. कातडं बिचारं पीत गेलं, आणि मग पुरे झालं तेव्हा परत देऊ लागलं. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर थेंब पडायला लागले. एक विमा एजंट, घोडा नाही याची खात्री करून घेऊन, गंमत म्हणून खोगिरावर बसला, आणि उठला तेव्हा त्याच्या पँटवर फुलापानांचा ठसा उमटला होता. त्यानं पॉलिसीची गोष्ट पुन्हा काढली नाही. एरंडेलाचा हा गुण पुस्तकांत दिलेला नाही.

रात्री झुरळं आली. सकाळी कामवाली आली. ती पंचाईत न करता कामाला लागणारी बाई आहे. तिनं खोगीर मोरीत नेलं, भांड्याच्या साबणानं नि हिरव्या घासणीनं खसाखसा घासलं आणि गच्चीवर, मिरच्यांच्या शेजारी, हैदराबादच्या एप्रिलच्या उन्हात ठेवून दिलं. संध्याकाळी आणायला गेलो, तर झडपांच्या कडा पापडासारख्या वर आल्या होत्या. आत्यानं कामवालीला खर्ड्याची लढाई सांगितली. "हौ अम्मा," ती म्हणाली, "तो सौ साल से धोया कौन नै ना?"

शेवटी गोलनाक्याच्या चांभाराकडे गेलो. त्यानं मान वाकडी करून खोगीर सगळीकडून न्याहाळलं.

"साब, चप्पल होती तो बोलता आज लेके जाओ. इसका क्या बोलूँ?"

पण मग हातातलं काम बाजूला ठेवून त्यानं जे सांगितलं, तेच नंतर भाच्यानं पाठवलेल्या दीड हात लांब मजकुरात निघालं. आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढायची, नक्षीच्या खाचांतली दाताच्या जुन्या ब्रशनं. मग पिळून काढलेल्या ओल्या फडक्यावर जरासा साबण; पाणी ओतायचं नाही, भिजवायचं तर नाहीच. वाळवायचं सावलीत. पुरतं वाळण्याच्या आत, थोडी ओल असताना, तेलाचा पातळ हात द्यायचा, आणि तेल पिऊन झाल्यावर लागलं तरच दुसरा. जास्त तेलानं कातडं लिबलिबीत होतं आणि शिवणीचा दोरा कुजतो. बोट फिरवल्यावर तांबूस भुकटी हाताला यायला लागली, तर ते कातडं गेलं. त्याला तुपात बुडवलं तरी परत येत नाही. "तेल कम, कपडा जास्ती," चांभार म्हणाला, "और धूप नक्को." त्यानं पैसे घेतले नाहीत. अशा वस्तूवर पैसे घेतले तर लोक हसतील, म्हणाला.

खरं तेल भाच्यानं एका येणाऱ्या ओळखीच्याबरोबर पाठवलं. सौभाग्यवतींनी बाटलीवरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला. हे तेल गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात, हे कळल्यावर बाटली स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात, तिथून बाल्कनीत आणि तिथून जिन्यात गेली. आता तेल लावायचं तर मी खोगीर घेऊन जिन्यात बसतो. येणारी-जाणारी माणसं चपलेचे अंगठे दाखवतात. एकानं तर जोडच काढून ठेवला होता.

ट्रेडमिलवरची जागा मात्र तज्ज्ञांना मान्य आहे. खोगीर जमिनीवर ठेवायचं नाही, खुंट्याला धरून टांगायचं नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं नाही. घोड्याच्या पाठीसारख्या आडव्या दांड्यावर मोकळ्या हवेत ठेवायचं. रिकिबी सरळ समोर राहाव्यात म्हणून दोन्हींतून झाडूचा दांडा आडवा घालायचा, म्हणजे झडपांना तसा पीळ बसतो. आमच्या घरात एकच झाडू आहे. "आज केर काढायचा की घोडा फिरवायचा?" असं मला रोज सकाळी विचारलं जातं.

आषाढात बोनालच्या सणाचे ढोल वाजू लागले आणि खोगिरावर पांढरी बुरशी धरली. ती पाणी घातलेल्या व्हिनेगरनं पुसली, तर घराला चायनीजच्या गाडीचा वास आला. पण खरा घात खालून झाला. खोगिराच्या पोटाला मेंढीच्या लोकरीचं अस्तर असतं. त्या लोकरीतली कसर एक दिवस कंटाळून निघाली आणि कपाटातल्या पैठणीत शिरली. त्या दुपारी घरात जे झालं, ते खर्ड्यापेक्षा फार वेगळं नव्हतं, आणि या वेळी मी निजामाच्या बाजूला होतो.

तहाच्या अटींनुसार खोगिराचा निकाल आठ दिवसांत लावायचा होता. मलकपेठचं रेसकोर्स आमच्यापासून मुसी नदी ओलांडली की आलं. सहाव्या निजामानं, महबूब अली पाशानं, १८८६ साली मौलाअलीच्या शर्यती तिथे आणल्या. घोड्यांची जाण असलेली माणसं पिढ्यान् पिढ्या तिथल्या गल्ल्यांतच राहिलेली. पण आम्ही निघालो त्या दिवशी गंडीपेट तलावाचे दरवाजे उघडले होते आणि मुसारामबागचा पूल पाण्याखाली होता. रिक्षावाल्यानं मांडीवरचं खोगीर बघून विचारलं, "घोडा बी आरा क्या पीछे?" आणि चादरघाटाच्या वळशाचे अधिक खोगिराच्या सीटचे, असे पैसे सांगितले. वाटेत प्रत्येक सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यांनी मला "चल चल" म्हणून टाचा मारून दाखवल्या.

रेसकोर्सच्या बाहेरच्या इराणी हॉटेलात एक म्हातारा सईस भेटला. त्यानं खोगीर हातानं जोखलं आणि खो-खो हसला.

"मियाँ, हमारी जीन तो रुमाल में बंध जाती. इत्ता वजन डाले तो घोडा आज निकला, कल पहुँचेगा!"

शर्यतीचं खोगीर किलोभराच्याही आत भरतं, हे मला तेव्हा कळलं. मग तो गंभीर झाला. खोगीर टेबलावर उभं धरलं, एक हात खुंट्यावर, दुसरा पाठीवर, आणि दोन्हीकडून दाबून बघितलं. आतला लाकडी सांगाडा तुटलेला असला, तर खोगीर मध्येच लवतं. आणि तसलं खोगीर घोड्याच्या पाठीवर घालणं म्हणजे त्या मुक्या जनावरावर अत्याचार. आमचं तसूभर हललं नाही. "हड्डी साबूत है," तो म्हणाला. घराण्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणीच बोललं नव्हतं. मग त्यानं रिकिबीची झडप उचलली, तिच्यामागच्या पट्ट्यावर बशीतला चहा बोटानं लावला, नखानं मळ खरवडला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

इंग्रजीत दोन शब्द होते. वर 'कानपूर', खाली 'इंडिया'.

आता कानपूर म्हणजे भारतातल्या खोगिरांचं माहेर. सत्तावनच्या धामधुमीनंतर इंग्रजांनी फौजेसाठी खोगिरांचा आणि घोड्याच्या साजाचा सरकारी कारखाना तिथे काढला, त्याच्याभोवती कातड्याचा धंदा वाढला, आणि आजही अमेरिकेतल्या गुराख्यांच्या थाटाची खोगिरं कानपुरात तयार होऊन बोटीनं अमेरिकेला जातात. त्यातली काही जात नाहीत. कुठे शिवण चुकलेली असते, कुठे ऑर्डर फिस्कटलेली असते, आणि मग ती फिरत फिरत कुठल्याही जुन्या बाजारात पोचतात. शिवाय स्पेलिंग 'के'पासून सुरू होत होतं. इंग्रज कानपूरचं स्पेलिंग 'सी'पासून करत, 'के' आला स्वातंत्र्यानंतर. म्हणजे खर्डा गेलं, डेक्कन हॉर्स गेलं, हॅम्ले आणि हायझर तर गेलेच.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. डॅलसला शांतता पसरली. दुसरा मजला म्हणाला, शिक्का असू दे, शूटिंगला लागणारी खोगिरं कानपूरहूनच येत असणार, आणि पुन्हा नमस्कार करून गेला. काकू म्हणाली, "अरे, मी सांगत होते ना, जुम्मेरात बाजार..."

आत्या मात्र डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, धक्का बसला. तेवढ्यात तिनं डोळे उघडले.

"कानपूर! अरे, बिठूर कुठाय?"

"कानपूरजवळ."

"आणि बिठूरला कोण होतं?"

"नानासाहेब पेशवे."

"मग!"

"आत्या, स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचं आहे."

"स्पेलिंग असेल," आत्या म्हणाली. "खोगीर आधीचं आहे."

तेव्हापासून आमचे खापरपणजोबा सत्तावनला बिठुरात असतात. पुढच्या महिन्यात पुण्याची मंडळी येणार आहेत, त्यांच्यासाठी नवी आवृत्ती तयार होते आहे. खोगिरावर घालायला चौरंगाचं कापड आलं आहे, आणि आठ दिवसांची मुदत बेमुदत वाढली आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर असं काही निघालंच, तर झडप उचलून आधी शिक्का शोधा, ओल्या फडक्यानं हलकेच पुसा, वाचून घ्या, आणि घरातल्या मोठ्या आवाजाच्या माणसानं तो वाचायच्या आत झडप पुन्हा खाली सोडा. एरंडेल लावू नका.